नव्या गाडीचं ऑइल: ५० किलोमीटरला, ३०० ला की पहिल्या सर्व्हिसिंगला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: धायरीत राहणाऱ्या एका वाचकाने दसऱ्याला १६० सीसीची एअर-कूल्ड मोटरसायकल घेतली. ऑफिस हिंजवडीत, जाऊन-येऊन रोजचे चाळीसेक किलोमीटर. मीटरवर सध्या १८० पडलेत आणि सल्ला देणारे चार झालेत. वडील म्हणतात, पहिले हजार किलोमीटर काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो, पहिल्या दिवसापासून अॅक्सिलरेटरची मूठ पिळ, नाहीतर पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत. आणि ऑइल ५०, ३०० व ५०० ला बदल. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, कंपनीचं ऑइल आत्ताच काढून फुल्ली सिंथेटिक टाका. सर्व्हिस सेंटर म्हणतं, ७५० पर्यंत काही करू नका, कूपन घेऊन या. वाचकाचे ५० किलोमीटर तर कधीच उलटून गेले, त्यामुळे इंजिन कायमचं बिघडलं की काय अशी धास्ती. शिवाय येत्या रविवारी पत्नीला घेऊन वाईला जायचं ठरलंय, ते जावं की नाही?

उत्तर:

धास्तीचं आधी मिटवू. ५० ला ऑइल बदललं नाही म्हणून तुमच्या इंजिनाचं काहीही बिघडलेलं नाही. चौघांचं ऐकताना तुम्ही एक गोष्ट मनात पक्की धरून बसलात: नव्या इंजिनाला एकच संधी असते आणि ती हुकली की गाडी जन्माची वाया जाते. तसं नसतं. इंजिन बसणं ही काही तासांत सुरू होऊन हजारेक किलोमीटरपर्यंत हळूहळू मंदावत जाणारी क्रिया आहे. ती बिघडवायची तर बरेच दिवस सातत्याने चुकीची गाडी चालवावी लागते.

आता 'बसतं' म्हणजे नेमकं काय? सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या बारीक रेघा मारलेल्या असतात. रेघांच्या खाचांत ऑइल टिकतं आणि उंचवट्यांवर पिस्टनच्या रिंगा घासून आपला आकार भिंतीशी जुळवून घेतात. रिंगेची स्वतःची ताणशक्ती त्यासाठी फार थोडी असते. तिला भिंतीवर खरा दाब देतो तो पेट्रोल जळताना तयार होणारा वायू; तो रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. मूठ जितकी उघडी तितका हा दाब जास्त. मित्राच्या म्हणण्यातलं खरं आहे ते एवढंच. मूठ कायम जेमतेम उघडून, एकाच वेगात, हजार किलोमीटर गाडी रांगवली तर रिंगांवर दाब येत नाही. मग उंचवटे नीट झिजत नाहीत आणि भिंतीवर जळक्या ऑइलचा चकचकीत थर चढतो. पुढे ही गाडी ऑइल पिते, निळसर धूर सोडते, पिकअप मंद राहतो.

पण मित्राने अर्धंच सांगितलं. पहिल्या दिवसापासून पिळायचा सल्ला मुळात रेसिंगच्या इंजिनांसाठीचा. ती इंजिनं काही तासांच्या धावण्यानंतर पुन्हा उघडली जातात. तुमच्या गाडीत रिंगांबरोबर गिअरचे दात, क्लच प्लेटा, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकरही नवे आहेत, आणि त्यांना दणका नको असतो. जोराचा भार आला की उंचवट्यांच्या टोकांशी उष्णता एकवटते, तिथली ऑइलची फिल्म तुटते आणि धातूवर ओरखडा उठतो. ओरखडा काही पुन्हा बुजत नाही. आजकाल कित्येक कंपन्या सिलिंडर बनवतानाच त्या उंचवट्यांची टोकं सपाट करून घेतात, त्यामुळे रिंगा बसायला पूर्वीइतकं अंतर लागतच नाही. ज्या घाईसाठी पिळायचं, ते काम बरंचसं कारखान्यात उरकलेलं असतं.

वडिलांचा सल्ला त्यांच्या काळातल्या गाडीला बरोबरच होता. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलात मिसळलेलं ऑइल हेच इंजिनाचं वंगण. मूठ सोडून उतारावर वेगात गाडी सोडली की पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जाम व्हायची खरीखुरी भीती. तुमच्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल पंप थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर, फिरतो. मूठ सोडलेली असली तरी इंजिन फिरतंय तोवर ऑइल पोचत राहतं. 'हजाराला ऑइल बदल' हा प्रश्नही टू-स्ट्रोकला नव्हता, तिथे गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असायचं. तेव्हा वडिलांशी वाद घालू नका. त्यांचा नियम दुसऱ्या यंत्राचा आहे, इतकंच.

शिवाय चाळीसचा काटा हे मापच फसवं आहे. वारज्याकडून चांदणी चौकाचा चढ पाचव्या गिअरमध्ये चाळीसने चढायला गेलात तर इंजिन धडधडतं, पिस्टनवर भार प्रचंड येतो आणि फेरे कमी असल्याने ऑइलचा दाबही कमी. तोच चढ तिसऱ्या गिअरमध्ये त्याच वेगाने चढा, इंजिन मोकळं चालेल. दोन्हीकडे काटा चाळीसवरच. म्हणून वेगाऐवजी इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) आणि मुठीचं उघडणं यांकडे बघा. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये रनिंग-इनसाठी, म्हणजे इंजिन बसण्याच्या काळासाठी, फेऱ्यांचा किंवा गिअरनिहाय वेगाचा तक्ता असेल तर तो माझ्या आकड्यांपेक्षा वरचढ समजा. नसेल तर १६० सीसीच्या एअर-कूल्ड इंजिनाला साधारण असं धरा: ५०० किलोमीटरपर्यंत बहुतेक वेळ ३,५०० ते ५,५०० फेरे, मूठ अर्ध्यापर्यंत. ५०० ते १,००० मध्ये हळूहळू ६,५००-७,००० पर्यंत, तेही काही सेकंदांपुरतं. पूर्ण मूठ आणि रेडलाइन (फेऱ्यांची कमाल मर्यादा) हजारानंतर.

तुमचा रस्ता यासाठी बरा आहे. नवले पूल ते वाकड हा बायपासचा पट्टा मोकळा मिळाला की हात आपोआप एका जागी स्थिरावतो, तो स्थिरावू देऊ नका. पाच-सात मिनिटांनी गिअर बदला, वेग ४५ ते ६० मध्ये खालीवर ठेवा. अर्थात उजव्या लेनमध्ये कंटेनरच्या पुढ्यात हे प्रयोग करायचे नाहीत. वाकडपासून पुढे हिंजवडीपर्यंत जी रांग लागते ती एअर-कूल्ड इंजिनासाठी जास्त वाईट, कारण वारा नाही आणि हाफ क्लचवर सरकणं चालूच. सिग्नल मिनिटभराचा असेल तर इंजिन बंद करा. रांग पुढे सरकेल तेव्हा क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये जा, अर्धा दाबून रांगू नका. नवी क्लच प्लेट जळते ती इथेच. आणि सकाळी गाडी काढताना स्टँडवर पाच मिनिटं घरघरत ठेवायची गरज नाही. अर्धा ते एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर शांतपणे. न्यूट्रलमध्ये रेस करून 'इंजिन मोकळं' करणं तर नकोच. भाराविना फेऱ्यांनी रिंगांना काहीच मिळत नाही.

आता ऑइलकडे येऊ.

पहिलं ऑइल लवकर का काढतात? नवं जातं लावलं की पहिलं पीठ टाकून देतात, कारण त्यात दगडाचा कच येतो. इथे कच धातूचा असतो. त्याशिवाय जुळणी करताना लावलेलं घट्ट वंगण, कव्हरांच्या सांध्यांतून सुटलेले सीलंटचे बारीक तुकडे आणि क्लच प्लेटांची सुरुवातीची झीज, हे सगळं त्याच ऑइलमध्ये उतरतं. मोटरसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांचं ऑइल एकच असतं, म्हणून कारपेक्षा इथलं पहिलं ऑइल जास्त मळतं. यातला बराचसा मळ सुरुवातीच्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये निघतो, पुढे प्रमाण झपाट्याने उतरतं.

मग ५० ला का नको? कारण ५० ला मळ अजून निघतच असतो. एक लिटर ऑइल टाकून द्याल आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा जवळपास तिथेच असाल. नुकसान खिशाचं, इंजिनाचं नाही. ३०० च्या सुमाराचा बदल मात्र निरर्थक म्हणता येणार नाही, आणि तुमच्या बाबतीत त्याला एक खास कारण आहे. इंजिनाला किलोमीटर कळत नाहीत, त्याला तास कळतात. पुण्याच्या गर्दीत सरासरी ताशी २० ची पडते. त्या हिशोबाने ७५० किलोमीटर म्हणजे साडेसदतीस तास. तेच अंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० ने कापलं तर पंधरा तास. पहिल्या सर्व्हिसिंगचा एकच आकडा दोघांनाही लागू होतो, पण तुमचं पहिलं ऑइल अडीच पट वेळ घुसळलं जातं.

गाडीत फिल्टर कोणता आहे यावरही बरंच ठरतं. कागदी फिल्टर असेल तर धातूचा बारीक कीस तो धरून ठेवतो आणि ऑइल ७५० पर्यंत तग धरतं. १०० ते १२५ सीसीच्या कित्येक गाड्यांत नुसती जाळी असते, जोडीला फिरून मळ बाहेर फेकणारी वाटी. जाळी मोठे कण अडवते, बारीक कण तिच्यातून जातात. अशा गाडीला लवकरच्या बदलाचा फायदा जास्त. तुमच्या गाडीत काय आहे ते मॅन्युअलच्या सर्व्हिस तक्त्यात दिसेल: 'फिल्टर बदला' लिहिलंय की 'जाळी साफ करा'.

मला विचाराल तर ३०० ते ३५० च्या दरम्यान एक जादा बदल करा, ७५० ला कूपनवर दुसरा करा, आणि तिथे थांबा. पुढे मॅन्युअलचा तक्ता, गर्दीमुळे हवं तर थोडा आखडून. आणि हा जादा बदल केलाच नाही तरी कंपनीने सांगितलेल्या वेळेत सर्व्हिसिंग करून घेणाऱ्याची गाडी काही मागे पडत नाही. चार-पाचशे रुपयांत मनाची शांती मिळत असेल तर घ्या, नसेल तर सोडा.

जादा बदल शक्यतो सर्व्हिस सेंटरमध्येच, पैसे भरून, जॉब कार्डवर नोंद करून करा. ते 'गरज नाही' म्हणतील. 'माझ्या खर्चाने करा' म्हणायचं. बिल जपून ठेवा, वॉरंटीत कधी प्रश्न आला तर कोणतं ऑइल पडलं ते कागदावर असतं. फ्री सर्व्हिसिंगमध्ये फुकट असते ती मजुरी, ऑइलचे पैसे तिथेही द्यावे लागतात. कूपनवरची किलोमीटर आणि दिवस यांतली जी मर्यादा आधी येईल ती खरी. ज्यांचं ऑफिस घरापासून तीन किलोमीटरवर आहे त्यांचा महिना दोनशेच्या आतच उलटतो. त्यांनी आकड्याची वाट बघत बसू नये, तारखेला जावं.

घरीच करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, ड्रेन बोल्ट. तो अॅल्युमिनियमच्या बॉडीत बसतो आणि जास्त आवळला की आटे जातात. मग चारशेच्या ऑइलपायी हजारोंचं काम. मॅन्युअलमधल्या मापाचा रिंग पाना घ्या, बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवा, मगच पाना लावा, जमल्यास टॉर्क रेंचने मॅन्युअलचा आकडा द्या. वॉशर दर वेळी नवा. नाना पेठेत काही रुपयांत मिळतो. दुसरी गोष्ट, पातळी. मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, एक बदलताना लागणारा आणि एक इंजिन पूर्ण खोलल्यावर लागणारा. घाईत दुसरा वाचून लोक जास्त ओततात. जास्त ऑइल क्रँक घुसळतं, दाब वाढून ते ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये येतं आणि गाडी जड चालते. पाच-दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट करा, सपाट जागी मेन स्टँडवर लावा, बोल्ट काढून दहा मिनिटं निथळू द्या. सांगितल्यापेक्षा ५०-१०० मिली कमी ओता, दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, तेवढाच वेळ थांबा, मग पातळी बघून उरलेलं घाला. डिपस्टिक आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगणिक वेगळं असतं. ते वाचल्याशिवाय पातळीवर विश्वास ठेवू नका. डिझेलने किंवा रॉकेलने 'धुऊन' काढायची काही गॅरेजांची सवय आहे, ती साफ नाकारा. आत उरलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं.

निघालेलं ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, काळं होणं म्हणजे त्याने मळ धरून ठेवला. उन्हात धरल्यावर राखाडी चमक दिसली तर तीही पहिल्या बदलाला नेहमीची. बोटांत चोळून खरखर लागली, नखात धरता येतील असे पत्रे किंवा टोकदार तुकडे निघाले, तर मात्र ते कागदावर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठा. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी. पावसाळ्यात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी आत दव साठतं आणि लांब फेरीनंतर ते जातं. गेलं नाही तर दाखवा.

मेकॅनिकच्या सिंथेटिकबद्दल. सिंथेटिकमुळे रिंगा बसतच नाहीत असा प्रवाद आहे, तोही खरा नाही. काही गाड्यांत ते कारखान्यातूनच भरलेलं येतं. माझा आक्षेप साधा आहे: तीन-चारशे किलोमीटरनंतर ओतून द्यायच्या ऑइलवर दुप्पट पैसे कशाला? आत्ता मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच (ऑइलच्या दाटपणाचं माप) भरा. २०डब्ल्यू-५० सांगितलं असेल तर १०डब्ल्यू-३० नको आणि उलटही नको. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं हवं, कारण तुमचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला आहे. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल किंवा वरून टाकायची 'इंजिन मऊ करणारी' बाटली गेली की क्लच घसरतो: फेरे वाढतात, गाडी उचलत नाही. सिंथेटिकची हौस असेल तर अडीच-तीन हजारांनंतर, त्याच ग्रेडमध्ये.

पहिल्या सर्व्हिसिंगला लोक ऑइल बदललं की समाधानी होतात आणि टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) विसरतात. नवे व्हॉल्व्ह आपल्या जागेत थोडे आणखी खोल बसतात आणि टॅपेटची फट कमी होते. घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही, उलट गाडी छान शांत वाटते, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद न झाल्याने जळत राहतो. ही फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजायची असते. तुम्ही सकाळी गाडी चालवत नेता, म्हणजे ती गरम पोचते, आणि रांगेतला मेकॅनिक तशीच उघडतो. आदल्या संध्याकाळी गाडी ठेवून या, किंवा 'टॅपेट थंड इंजिनावर' असं जॉब कार्डवर लिहून घ्या. चेन सुरुवातीला सैल पडते, तिचा ताण आणि क्लच केबलचा मोकळेपणा तेव्हाच बघायला सांगा. नव्या टायरवरचा गुळगुळीतपणा जायला शंभर-दीडशे किलोमीटर लागतात, ते तुमचे झालेत. ब्रेक पॅड मात्र अजून पूर्ण बसलेले नसतील, अंतर ठेवून चालवा.

राहिलं वाई. पुण्याहून ते पाऊणशे ते नव्वद किलोमीटर, वाटेत खंबाटकी घाट, आणि मागे पत्नी व सामान. हे पहिल्या सर्व्हिसिंगनंतर करा. घाट नव्या इंजिनाला वर्ज्य असतो असं नाही, पण १८० वर दोघांचा भार घेऊन चढ आणि मग महामार्गावर ट्रकांच्या बरोबरीने राहण्यासाठी एकाच वेगात तास-दीड तास, हे दोन्ही टाळण्यासारखं आहे. तारीख हलवता येतच नसेल तर वाईला एसटीने जा. नाहीतर या रविवारी सकाळी सातला एकटेच खडकवासल्यावरून पानशेतच्या रस्त्याला लागा. तो धरणाच्या कडेने हलका चढ-उताराचा आहे, त्या वेळी गर्दीही कमी. पंधरा-वीस मिनिटांनी इंजिन तापलं की तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ४५, चौथ्यात ३५ वरून ५५, मूठ अर्धी उघडून चढवा. मग मूठ सोडून गिअरमध्येच वेग उतरू द्या. मागे कोणी नाही हे आरशात बघून, दहा-बारा वेळा, मधे दोन-दोन मिनिटं नेहमीसारखं चालवत. पानशेतला अर्धा तास थांबून इंजिन निवू द्या आणि परत या. त्या एका फेरीत रिंगांना जे मिळेल ते हिंजवडीच्या रांगेत आठवडाभरात मिळत नाही. पिंपरी-चिंचवडकरांना हेच जुन्या महामार्गावर देहूरोड ते तळेगाव, हडपसरच्या लोकांना सासवडच्या पुढे जेजुरीपर्यंत करता येईल; दिवे घाट कमी गिअरमध्ये, निवांत चढा.

हजारापर्यंत दर रविवारी ऑइलची पातळी बघा. ती खालच्या खुणेकडे सरकत असेल तर वरून ओतून गप्प बसू नका, तारीख आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. सर्व्हिस सेंटरमध्ये 'ऑइल पिते' या तक्रारीपेक्षा '४०० किलोमीटरमध्ये १०० मिली कमी झालं' ही तक्रार ऐकली जाते.

गिअरलेस स्कूटर घेतलेल्यांसाठी: तुमचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे डब्यावर 'जासो एमबी' चालतं, आणि मागच्या चाकाशी गिअर ऑइल वेगळं असतं, साधारण शंभर-सव्वाशे मिली. पहिल्या सर्व्हिसिंगला ते बदलायचं की नुसतं तपासायचं, हे मॅन्युअलमध्ये बघून काउंटरवर स्वतः विचारा. आणि घरी काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा सोसायटीच्या झाडाखाली ओतू नका. डब्यात भरून ज्या गॅरेजमध्ये जुन्या ऑइलचं पिंप आहे तिथे नेऊन द्या.